‘ह्यांचं ऱ्हाऊ द्या’ म्हणणारे बिरप्पाअण्णा

माणूस खरं बोलतो यावर बिरप्पाअण्णांचा विश्वास नव्हता. माणूस म्हणजे कुठलाही. गावचा पाटील असो, मठाचे स्वामी असोत, नाहीतर शाळेची बाई म्हणजे मी असो. "देवी टोचली का?" असं ते विचारायचे, पण उत्तराला थांबायचे नाहीत. समोरचा "व्हय, व्हय" म्हणेपर्यंत त्याची बाही खांद्यापर्यंत वर गेलेली असायची. "तोंड काय बी बोलतंय," म्हणायचे, "दंड दाखवा."

हे आमचा बीदर जिल्हा मैसूर राज्यात होता तेव्हाचं. देवी म्हणजे अंगभर फोड येणारा तो रोग आता कुठंच उरला नाही, म्हणून नव्या पोरांना समजावून सांगावं लागतं. तेव्हा वर्षाआड कुठलं ना कुठलं गाव त्याने धरलेलं असायचं. वाचले ते तोंडभर खड्डे घेऊन वाचले, काहींचे डोळे गेले. त्याची लस टोचायला सरकारने जी माणसं ठेवली होती, त्यांतले आमच्या भागातले बिरप्पाअण्णा. भालकीपासून बीदरकडच्याच मेहकरच्या पलीकडे आमच्या गावापर्यंतची सगळी खेडी त्यांच्याकडे. सायकलला एका बाजूला औषधाची पिशवी, दुसऱ्या बाजूला दुधी भोपळ्याचा तुंबा. तुंब्यात पाणी. दुसऱ्याच्या घरचं पाणी हा माणूस प्यायचा नाही. ऑफिसात कन्नड, मोमीन गल्लीत दखनी, आमच्याशी मराठी, अशा तिन्ही भाषा त्यांना येत. विश्वास मात्र ते एकाही भाषेत ठेवत नसत.

घराणं धनगराचं. बापाने जन्मभर मेंढरं राखली. हे चार यत्ता उर्दू शिकले म्हणून नोकरीला लागले, पण माणसाला बघायची रीत मेंढराचीच राहिली. आधी चाल बघणार, मग डोळे, मग हाताने चाचपणार. लस टोचायच्या आधी प्रत्येकाला "बोटं बगू" म्हणायचे. दंडावर टोचायचं तर बोटं कशाला, हे कुणी विचारलं की म्हणायचे, "तुमाला काय करायचंय?"

एकदा भर बाजारात त्यांनी आमच्या किराणा दुकानदाराला पकडलं. सुईला घाबरणारा माणूस. त्याने म्हणे बिब्ब्याचा चटका देऊन दंडावर डाग पाडून घेतला होता आणि दोन वर्षं तोच दाखवून सुटत होता. अण्णांनी अंगठ्याला थुंकी लावली, डागावर घासला आणि शांतपणे म्हणाले, "शेटजी, हे बिब्बा हाय. देवीच्या वणात खड्डा ऱ्हातंय, हितं तर सपाट रान हाय." तिथल्या तिथं टोचलं. बाजार आठवडाभर हसत होता.

दुसरी गोष्ट मी स्वतः पाहिली. एका घराच्या दाराला लिंबाचा ताजा पाला लटकत होता. देवी आली की लोक पाला बांधायचे आणि आजारी माणूस लपवायचे, कारण देवीचा कोप सरकारला सांगायचा नसतो. घरमालक म्हणाला, "काही न्हाई, अण्णा, असंच बांधलाव." अण्णा ओसरीवर टेकले. घरातल्यांची जेवणं झाली तशी उष्टी ताटं मोजली. माणसं पाच, ताटं सहा. सरळ उठून आत गेले, तर कणगीच्या मागे घोंगडीखाली सून, अंगभर फोड. त्यांनी त्या घराला शिवी दिली नाही की उपदेश केला नाही. आजूबाजूची वीस घरं टोचली आणि संध्याकाळच्या आत पुढच्या गावाला निघून गेले.

असल्या माणसावर कोण माया करणार? आम्हीही केली नाही. मी तर त्यांना मनातल्या मनात अरेतुरेच करायची.

आता मायचं सांगते. माझ्या आईचे हात गेले तेव्हा ती पन्नाशीच्या आत होती. आधी सकाळी बोटं आखडायची, मग मनगटं सुजली, मग गुडघे. कुणी वात म्हणालं, कुणी आमवात. भाकरी थापता येईना, लुगड्याची गाठ मारता येईना. धाकट्या भावजयीला हाक मारून गाठ मारून घ्यावी लागते म्हणून माय कोपऱ्यात तोंड करून रडायची. मी तेव्हा नवऱ्याच्या बदलीमुळे माहेरीच राहून गावच्या मराठी शाळेत शिकवत होते, म्हणून हे सगळं डोळ्यांनी पाहिलं.

मग बसवकल्याणच्या बाजारात एक औषधवाला भेटला. त्याने कागदाच्या पुड्या दिल्या. काळपट भुकटी होती, रोज सकाळी मधात घ्यायची. आठ दिवसांत मायने उठून चूल पेटवली. महिन्याभरात ती भाकरी थापायला लागली. आम्हाला तर देवमाणूस भेटल्यासारखं झालं, आता आमच्यात देव मानायचं बंद झालं होतं तरीही. चार-सहा महिन्यांत मायचं तोंड गोल गरगरीत झालं, गाल वर आले. वस्तीतल्या बाया म्हणायच्या, "माय भरली बघ, लेकीच्या पगाराचं खाती." मलाही अभिमान वाटायचा. माझ्या अकलेला काय म्हणावं.

त्या औषधवाल्याची अट एकच होती. पुडी खातेस हे कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की औषधाचा गुण उतरतो. आमच्याकडे जडीबुटीवाले सगळेच हे सांगतात आणि लोक पाळतात. शिकलेली असून मीही पाळलं. मायचे हात सरळ झाले होते, तिथं मी कशाला वाद घालू?

त्या वर्षी अण्णा आमच्या वस्तीत आले. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. आम्ही बौद्ध झालो त्याला थोडीच वर्षं झाली होती, पण गावाच्या लेखी आम्ही होतो तेच होतो. अण्णांच्या आधीचा टोचणारा वस्तीत यायचाच नाही. आम्हाला चावडीपाशी बोलवायचा, सगळं गाव झाल्यावर शेवटी, आणि दंडाला हात न लावता लांबूनच सुई टोचायचा. आम्ही देवीला नारळ फोडायचं सोडलं होतं, लिंबाचा पाला सोडला होता. आमचा विश्वास त्या सुईवर होता. म्हणून ती सुई कोण कशी टोचतो याकडे आमचं बारीक लक्ष असायचं.

अण्णा वस्तीत आले, एवढं खरं. पारावर बसले आणि एकेकाला टोचत गेले. हात धरूनच टोचत होते, तेही खरं. भावजयीने पाण्याचा तांब्या पुढे केला, तर म्हणाले, "नगं, माझं हाय," आणि तुंब्याला तोंड लावलं. भाऊ माझ्याकडे बघून गालात हसला. त्या हसण्याचा अर्थ आमच्या वस्तीत लहान पोरालाही कळतो. ते पाटलाच्या घरचंही पाणी पीत नाहीत हे मला माहीत होतं, पण त्या क्षणाला ते आठवायची मला गरज वाटली नाही.

मग मायचा नंबर आला. त्यांनी बोटं बघितली. बोटांचे सांधे अजून गाठाळच होते. मग तिच्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं. मान वाकडी करून बघितलं, जसं बाजारात जनावर बघतात. माझं डोकं तिथंच तापलं.

"अक्का, पुडी खाताव का कुठली?"

"न्हाई बा," माय म्हणाली.

"मग तोंड कामून सुजलंय?"

"सुजलं न्हाई, भरलंय," मीच मध्ये बोलले.

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. सुई खाली ठेवली आणि पुढच्या बाईला हात केला. "ह्यांचं ऱ्हाऊ द्या."

"कामून ऱ्हाऊ द्या?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ द्या म्हणलं की."

एवढंच. सगळ्या वस्तीला टोचलं आणि माझ्या आईला शिवायचं टाळलं. कारण विचारलं तर सांगेना. तुम्ही माझ्या जागी असता तर काय समजला असता? मी तेच समजले. घरी येऊन कागद घेतला आणि तालुक्याच्या आरोग्याच्या ऑफिसला अर्ज लिहिला. माझं अक्षर चांगलं होतं, भाषा त्याहून चांगली. ‘सदरहू कर्मचारी जातिभेदाच्या भावनेतून माझ्या मातेस लस देण्याचे टाळीत आहे’ हे वाक्य मला आजही पाठ आहे. वस्तीतल्या सगळ्या मोठ्या माणसांनी सह्या आणि अंगठे केले.

आणि काय आश्चर्य, सरकार हललं. पंधरा दिवसांत एक साहेब जीपमधून वस्तीत आले. आमच्या दारात जीप यायची ती पहिलीच वेळ. मागे सायकलवर बिरप्पाअण्णा, घामाने भिजलेले. साहेबांनी सगळ्यांसमोर त्यांना झापलं. संविधान काढलं, नोकरी काढली. अण्णा मान खाली घालून उभे. मला त्या दिवशी फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

"टोच ह्यांना, माझ्यासमोर," साहेब म्हणाले.

अण्णांनी पिशवी उघडली. औषधाची भुकटी एका कुपीत असते आणि ती कालवायचं पाणी दुसऱ्या. कालवून ठेवलेली एक कुपी आणि नुसत्या पाण्याची एक, अशा दोन्ही समोर ठेवल्या. दोन टोकांची बारीक सुई कुपीत बुडवली, मायचा दंड डाव्या हाताने घट्ट धरला आणि टोचत गेले. रक्ताचा थेंब वर आला. साहेबांनी वहीत सही केली. वस्तीने टाळ्या वाजवल्या. मायच्या डोळ्यांत पाणी होतं, सुईने की मानाने कोण जाणे.

लस लागली की आठव्या दिवशी दंडावर फोड येतो, मग खपली आणि मग खड्डा. अण्णा आठव्या दिवशी हटकून बघायला यायचे. आले. बाकीच्यांच्या खपल्या चाचपून बघितल्या. मायचा दंड साफ होता, टोचल्याच्या जागी नुसती लाल रेघ. त्यांनी तिकडे ओझरतं बघितलं, "चांगलं हाय" म्हणाले आणि वहीत खूण केली.

दुकानदाराचा खोटा डाग अंगठ्याने ओळखणारा माणूस साफ दंडाला "चांगलं हाय" म्हणतो? माझ्या मनात पाल चुकचुकली. मग आठवलं. सुई त्यांनी बुडवली होती ती उजवीकडच्या कुपीत. उजवीकडे होतं नुसतं पाणी. म्हणजे साहेबांच्या डोळ्यांत धूळ टाकून या माणसाने माझ्या आईला पाणी टोचलं होतं. वरून दंड धरल्याचं नाटक. मी रागाने दोन दिवस जेवले नाही. दुसरा अर्ज लिहायला घेतला आणि तो पुरा व्हायच्या आतच टोचणीच्या वेळी गावात नसलेल्या, उमरग्याकडच्या लग्नाहून परतलेल्या आमच्याच वस्तीतल्या एका घरात देवी निघाली. आमच्यापासून चौथं घर.

मी शाळा सोडून धावत सुटले. अण्णांना बातमी आधीच लागली होती, ते वस्तीच्या तोंडाशी सायकल लावत होते. मी चारचौघांत काही बोलले नाही, पण त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "अण्णा, तुम्ही मायला पाणी टोचलंत. मी पाहिलंय. आता खरं टोचा, न्हाईतर मी त्या साहेबाला आणून उभा करते."

ते दचकले नाहीत. "व्हय, पाणीच टोचलं," म्हणाले. आणि मग पहिल्यांदा त्यांनी मला ओट्यावर बसवून सलग चार वाक्यं सांगितली.

"बाई, मेंढराच्या वाड्याला राखणीचं कुत्रं असतंय. आपल्या अंगात बी असतंय. तुमच्या मायच्या अंगातलं कुत्रं बिघडलंय, चोर सोडून धन्यालाच चावायलंय, म्हून सांधे सुजतेत. ती पुडी त्या कुत्र्याला गुंगी देती. चावायचं थांबतंय, मान्य. पर मग खरा चोर आला तर भुंकणार कोण? अन् मी टोचतो म्हंजे काय करतो? एक बारका चोर आत सोडतो, कुत्र्याला वास कळावा म्हून. कुत्रं झोपलेलं असलं तर त्यो बारका चोरच घर लुटतोय."

चिटगुप्प्याकडे त्यांची आधी नेमणूक होती. तिथं त्यांनी असाच एक माणूस टोचला होता. वाकड्या बोटांचा, गोल तोंडाचा, पुडी खाणारा. फोड आला तो बसेचना. दंडावरून खांद्यावर, खांद्यावरून छातीवर, मांस काळं पडत गेलं. महिन्याने माणूस गेला. बीदरच्या एका डॉक्टरने अण्णांना तेव्हा समजावलं की अशा पुड्यांत विलायती गोळी कुटून घालतात. आज तिला सगळे स्टेरॉईड म्हणतात.

"मग हे सांगितलं का न्हाई तुम्ही?" मी विचारलं. "त्या दिवशी एक शब्द बोलला असता तर मी अर्ज केला असता का?"

"कुणाला सांगू? पारावर शंभर माणूस बसलं व्हतं. ‘सुईनं माणूस मरतंय’ एवढंच तेवढं ऐकू गेलं असतं. उद्या तीस गावांत एक बी दंड पुढं आला नसता. अन् मग देवीनं किती मेले असते?" "मेंढी दुबळी असली की माझा बाप तिला टोचू देत नव्हता, बाकीच्या कळपाला टोचून घेत व्हता. सगळ्यांना टोचलं की दुबळी बी वाचती. मी तेच करायलो व्हतो. तुमी मधीच अर्ज केलाव."

मला तिथंच मातीत गडप व्हावंसं वाटलं. पण त्यांना माझ्या वाटण्याशी कर्तव्य नव्हतं. आता प्रश्न वेगळा होता. माय जर त्या आजारी घरात जाऊन आली असेल, तर देवीने ती मरणारच होती. मग सुईचा धोका पत्करून टोचणं बरं. गेली नसेल, तर टोचणं म्हणजे हाताने मारणं. आणि हे ठरवायला साधन काय, तर मायचं तोंड. एवढ्या संशयी माणसाला त्या दिवशी एका बाईच्या शब्दावर निकाल द्यायचा होता.

माय उंबऱ्यात बसली होती. अण्णा समोर उकिडवे बसले. हातात यावेळी कालवलेली कुपी होती, मी आधी तीच पाहिली.

"अक्का, त्या घरला गेला व्हताव का? लग्नाचं म्हून, भेटाय म्हून?"

"न्हाई."

"त्यांचं कुणी हितं आलं व्हतं?"

"न्हाई."

अण्णा हलले नाहीत. "पुडी बी खात न्हाई म्हणला व्हताव तुमी."

 मायला अण्णांचा हिशोब काहीच कळलेला नव्हता. तिला एवढंच कळलं होतं की या माणसाचा तिच्यावर विश्वास नाही, आणि विश्वास बसायला हवा आहे. ती गुडघ्यावर हात टेकून उठली, आत गेली, बाबासाहेबांच्या तसबिरीमागून पुड्यांचा डबा काढून आणला आणि त्यांच्या पुढ्यात ठेवला. सांगितलं की गुण उतरतो, हे ती मनापासून मानत होती. म्हणजे डबा ठेवला तेव्हाच तिच्या लेखी तिचे हात पुन्हा गेले होते.

"हे खाते," ती म्हणाली. "तिथं गेले न्हाई."

अण्णांनी तिच्याकडे बघितलं. मग कुपीचं तोंड बंद केलं आणि सुई पिशवीत टाकली. "चला, रानात ऱ्हायचं," म्हणाले. दंड बघितला नाही, बोटं चाचपली नाहीत, शेजाऱ्यांना विचारलं नाही. मी त्यांना ओळखत होते त्या सगळ्या वर्षांत कुणाच्या तोंडाचं ऐकून त्यांनी काही केलं असेल, तर ते तेवढंच.

भावाची दोन एकर तूर होती, तिथल्या खोपीत मायला ठेवलं. इकडे आधीच्या टोचण्यावर विसंबून न राहता वस्तीतलं प्रत्येक माणूस पुन्हा टोचलं, मला, भावाला, पोरांना, सगळ्यांना. आणि टोचलेल्या कुणीही तिच्याकडे फिरकायचं नाही अशी ताकीद. ताज्या फोडाची लससुद्धा तिला लागू शकते, पहिल्या खेपेला नशिबानं वाचली, म्हणाले. खपल्या पडेपर्यंत मी माझ्या आईला बांधावरून बघितली. तिला भाकरी पोचवायला माणूस एकच उरला. अण्णांचा स्वतःचा दंड जुन्या टोचण्यांनी चाळणी झालेला होता, त्यांना नवा फोड येत नव्हता. रोज सकाळी सायकलला भाकरीचं फडकं बांधून जायचे. पुडी एकदम बंद केली तर माणूस कोसळतं, हेही त्या बीदरच्या डॉक्टरने सांगितलं होतं, म्हणून रोज स्वतःच्या हाताने चिमूट काढून द्यायचे, आणि अर्थातच तिने ती खाल्ली की थुंकली हे तोंड उघडायला लावून बघायचे.

"लई वंगाळ माणूस," माय नंतर सांगायची. "माझं अन् त्याचं रोज भांडण. पर बोटं चालंनाशी झाली तर भाकर कुस्करून द्यायला लागला. मी म्हणलं, अण्णा, शिवलाव की. तर म्हणाला, अक्का, मी तर साहेबासमोर बी शिवलो व्हतो."

त्या लग्नाच्या घरातलीच तीन माणसं आजारी पडली, एक बाई दगावली. माय वाचली. पुढे तिला बीदरच्या डॉक्टरकडे नेलं, मोजून गोळ्या सुरू झाल्या. हात वाकडे झाले ते झालेच, पण ती जगली, चांगली पंधरा-सोळा वर्षं जगली.

मी अर्ज मागे घ्यायला निघाले तेव्हा अण्णांनी मला भालकीच्या स्टँडवरच गाठलं.

"काय लिवणार? खोटं टोचलं म्हून?"

"खरं काय ते लिहिणार."

"मग माझी नोकरी तर जाईलच, ते जाऊ द्या. पर ‘टोचणारा पाणी टोचतो, अन् खरं टोचलं तर माणूस मरतंय’ असं एकदा गावात झालं की संपलं. लिवलंय तसं ऱ्हाऊ द्या."

"पण लोक तुम्हाला जातवाला म्हणतायत."

"लोक मला कवा चांगलं म्हणत व्हते, बाई?"

अर्ज तसाच राहिला. त्यांची बदली औरादकडे झाली, बढती अडली असं ऐकलं. इकडे त्या अर्जाने वेगळंच बाळसं धरलं. पुढच्या टोचणाऱ्याने कामाची सुरुवातच आमच्या वस्तीपासून केली. दरवर्षी जयंतीला भाषणात कुणीतरी सांगायचंच की बाईंनी अर्ज केला आणि साहेब जीप घेऊन दारात आला, न शिवणाऱ्याला शिवायला लावलं. मला हार घालायचे. मी हार घालून घ्यायची. वस्तीचं म्हणणं सरकारने ऐकल्याची ती पहिली गोष्ट होती आणि ती खोटी आहे असं माईकवर उभं राहून कोण सांगणार? गप्प राहायचं कबूल केलंय, असं मी मनाला सांगायची.

माय गेली तेव्हा देवी देशातून जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. आता कुणाचा दंड मागे सरायची भीती नव्हती. गप्प राहायला कारणच उरलं नव्हतं. मातीला सगळी वस्ती जमली होती, वंदना चालू होती. तेवढ्यात बांधावरून एक म्हातारा सायकल हातात धरून येताना दिसला. बिरप्पाअण्णा. केस पांढरे, पाठ वाकलेली. एवढ्या लांबून, कुणी सांगितलं कोण जाणे.

माझ्या भावाचा मोठा मुलगा गौतम, बँकेत नोकरीला, जयंतीची भाषणं ऐकत वाढलेला. कुणीतरी त्याच्या कानात नाव सांगितलं. तो पुढे झाला. आवाज चढवला नाही, हात जोडूनच म्हणाला, "काका, तुम्ही आमच्या आजीला शिवायला तयार नव्हता म्हणं. मग आता कामून आलाव? तिथंच थांबा."

अण्णा थांबले. वीसेक पावलांवर, बाभळीपाशी, सायकलच्या दांडीवर हात ठेवून. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून. मी गप्प बसले. सगळ्यांनी माती लोटली. ज्या माणसाने तीन आठवडे तिला हाताने भाकर कुस्करून दिली, त्याला मूठभर माती टाकू दिली नाही. माझ्या डोळ्यांदेखत. नंतर वळून बघितलं तर ते सायकल ढकलत वाटेला लागले होते. पुन्हा दिसले नाहीत. वर्षभराने गेल्याचं कळलं.

त्यांनी मान हलवली म्हणून मी गप्प राहिले, असं मी आजवर स्वतःला सांगत आले. पण ऊन त्यांच्या तोंडावर होतं, आणि बाभळीखाली चिलटं फार होती. मान तेवढ्यानेही हलते.